टेपचं दुसरं टोक

आमच्या वायरकाकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे. ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. रविवारी सकाळी जिन्यातून हाक आली, "जरा वर ये रे, पाचच मिनिटं," की समजावं, काकांना काहीतरी मोजायचंय. टेपचं एक टोक काका धरतात. दुसऱ्याला शेजारी लागतो.

त्यांच्या हॉलमध्ये अँप्लिफायर डाव्या कोपऱ्यात, कारण प्लगपॉइंट तिथेच. डाव्या स्पीकरला वायर लागते २ मीटर. उजव्याला, बाल्कनीच्या दाराला वळसा घालून, ७. साधा माणूस ९ मीटर घेऊन मोकळा झाला असता. काकांनी तापकीर गल्लीतून १४ आणली.

"एकाला दोन आणि दुसऱ्याला सात? हा तर पंक्तिप्रपंच झाला!"

दोन सुनांना पाटल्या करताना सासूने काटा निरखावा, तशी त्यांनी दोन्ही तुकड्यांची टोकं जुळवून पाहिली. डावीकडची जास्तीची ५ मीटर तेव्हापासून शोकेसमागे वेटोळं घालून बसली आहे. काकू तिथे केरसुणी नेत नाहीत. "तुमचा नागोबा तुम्हीच झाडा," म्हणतात.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे गप्प बसवेना.

"काका, ५ मीटर वायर ओलांडायला सिग्नलला फार तर २५ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही."

"आणि रेझिस्टन्स?"

"तुमची वायर दीड स्क्वेअर एमएमची. ५ मीटरला जाऊन-येऊन ०.१२ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. कानाला पत्ताही लागायचा नाही."

काकांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं आणि त्या भरात मी घोडचूक केली. म्हणालो, "त्यापेक्षा खुर्ची बघा. ती फूटभर बाजूला सरकली, तर दोन स्पीकरांच्या आवाजात जवळजवळ १ मिलिसेकंदाचा फरक पडतो. वायरीच्या तीस हजार पटींहून जास्त!"

काकांचे डोळे लकाकले. "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस? धर टोक."

खडूने फरशीवर समभुज त्रिकोण आखला गेला. प्रत्येक बाजू २४० सेंटिमीटर. दोन कोनांवर स्पीकर; तिसरा, ऐकणाऱ्याचा कोन नेमका काकूंच्या दिवाणावर आला. दिवाण काकूंच्या माहेरचा. तो सरकणं शक्य नव्हतं. काकू तिथेच मांडी घालून मटार सोलत होत्या.

ख्यालाची रेकॉर्ड लागली. काका अँप्लिफायरजवळ स्टुलावर बसून वायरीचे स्क्रू आवळत होते. दहा मिनिटांनी काकू सोलणं न थांबवता म्हणाल्या, "आज तबला अगदी मधोमध वाजतोय हो."

काका ताडकन उठले. मला वाटलं, आता तरी तिथे जाऊन बसतील.

"मधोमध म्हणजे नक्की किती?" असं म्हणून त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.