वत्सगुल्माचे वऱ्हाडी

पुतणीनं बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलंय, त्याची शिक्षा सगळं घर भोगतंय. गेल्या महिन्यात तिला कॉलेजातून काम मिळालं: घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट ऐकायची, उतरवून घ्यायची आणि तिच्यातलं कथानक, पात्रं, निवेदक, संघर्ष, वातावरण हे सगळं सुटं करून दाखवायचं. म्हणजे भरल्या वांग्यातून शेंगदाण्याचं कूट परत वाटीत काढायचं.

आमच्या घरात गोष्ट एकच आहे. आबा रिसोडच्या बाजारातून रात्री एकटे बैलगाडीनं येत होते आणि वाटेत बिबट आडवा आला. मी लहान होतो तेव्हा ते तडस होतं. मी मॅट्रिक होईस्तोवर त्याचा बिबट झाला. १ जुलै १९९८ला अकोल्यातून फुटून वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच सुमारास बिबट्यालाही बढती मिळून त्याच्यासोबत मादी दिसू लागली. हल्ली दोन पिल्लंही असतात.

पुतणीनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. आबांनी घसा खाकरला.

“बहात्तरचा दुष्काळ. अवसेची रात. वरतून पाऊस असा...”

“दुष्काळात पाऊस कुठचा पडला?” स्वयंपाकघरातून मायचा आवाज. “अन् बिबट नाही न् काही नाही. शेजारच्यायची कालवड होती.”

पुतणीनं ‘वातावरणनिर्मिती’ या शब्दापुढं प्रश्नचिन्ह काढलं आणि निवेदकाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रथमपुरुषी, अविश्वसनीय’.

तो कागद आबांच्या हाती लागला. “नातीनं मले खोटा लिह्यलं?” दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. मी समजावलं की आबा, ही शिवी नाही, संज्ञा आहे. गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दावर वाचकानं पुरता भरवसा ठेवू नये असं लेखकानंच सुचवलेलं असतं, तेव्हा त्या निवेदकाला असं म्हणतात. वेन बूथ नावाच्या अमेरिकन समीक्षकानं १९६१मध्ये हा शब्द रूढ केला.

“त्याले म्हणा, एकडाव रिसोडच्या रस्त्यानं रातच्यानं ये.”

दुसऱ्या दिवशी पुतणीनं परदेश सोडून भरतमुनींना आणलं. नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. बीज म्हणताच आबा सावरून बसले. सोयाबीनचं असेल तर घरचंच पेरा, पण आधी उगवण तपासा, असा सल्ला त्यांनी भरतमुनींना दिला. पुढं कार्याच्या पाच अवस्था आल्या. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळेल अशी आशा, नियताप्ती म्हणजे आता मिळणारच ही खात्री, आणि शेवटी फलागम. आबांनी त्या तिला दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाले, “आपलं सोयाबीन दरसाली तिसऱ्यापर्यंत बराबर येते.” परतीचा पाऊस, मग मार्केट यार्डातला भाव, भरतमुनींनी विदर्भातला शेतकरी बघून हा क्रम लावला असता तर तिथंच पडदा पाडला असता.

सर्वसाक्षी निवेदक समजावायला मला पुस्तक लागलं नाही. प्रत्येकाच्या मनात काय चाललंय, कोणाची सून का गेली, कोणाची जमीन कितीला जाणार, हे ज्याला एकाच जागी बसून ठाऊक असतं तो. आमच्याकडं तो पानठेल्यावर बसतो.

आबांचा रुसवा मात्र जाईना. शेवटी मी गावाचा इतिहास काढला. हे आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त सांगितलंय की सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घरातून निघाला. त्याला वळणावर आणायला गौरीनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्यामागं देशोदेशी हिंडली, पण गडी पुरता विरघळला तो दक्षिणेत, वैदर्भी रीतीवर. आणि दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. म्हणजे आपल्या वाशिमात! लग्न इथलं आणि मुलूख वऱ्हाड, म्हणून आपण दोन्ही अर्थांनी वऱ्हाडी.

“पंगत कोणी देल्ली?” आबांनी विचारलं.

गांधर्व विवाह होता, त्यामुळं पंगत नव्हती. हे ऐकून साहित्याबद्दलचं त्यांचं मत आणखी खाली गेलं. वंश मात्र अजून चालू आहे, मी म्हटलं. वाशिमच्याच नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. आबांनी मान डोलावली, पण खरा उतारा पुढंच होता.

या वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष राजा सर्वसेन. त्यानं प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, ती कथा. काव्य हरवलं, थोडे श्लोक इतरांच्या ग्रंथांत उरले. पण नवव्या शतकात काश्मिरात बसून आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त त्याचा दाखला दिलाय. कशासाठी? तर जुन्या कथेतला एखादा प्रसंग रसाला मारक होत असेल तर कवीनं तो खुशाल मोडावा आणि मधे नवी कथा घालावी. घडलं तसं सांगत बसणं हे कवीचं काम नाही, त्यासाठी इतिहास आहे. असे फेरफार करणाऱ्यांत आनंदवर्धनानं कालिदासाच्या पंगतीला आपल्या वाशिमचा राजा बसवलाय.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे पिल्लं चालतात.”

पुतणीनं ‘अविश्वसनीय’ खोडून ‘रसानुकूल’ लिहिलं. पात्रांचा रकाना तेवढा उरला होता. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७मध्ये पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी वाटणी केली. सपाट पात्र एका वाक्यात मावतं. गोलाकार पात्र आपल्याला चकित करतं आणि तरी पटतं. पुतणीनं लिहिलं: ‘आजी – सपाट. वाक्य – कालवड होती.’

“सपाट म्हंजे काय?” मायनं विचारलं.

“साधी,” मी म्हटलं.

परवा पुण्याचे पाहुणे आले. आबांनी बिबट, मादी, दोन पिल्लं असा अख्खा परिवार रस्त्यावर उभा केला. पाहुण्यांतला एक तरुण हसून म्हणाला, “आजोबा, अंधारात कसं कळणार? कुत्रं असेल.”

आबांचा चेहरा उतरला. माय पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आली. एक बशी त्याच्यापुढं जरा जोरातच ठेवली.

“कुत्रं? बिबट होता, बाप्पा. यायचं धोतर मी धुतलं हाय.”

आबा तिच्याकडं बघतच राहिले. माय सावकाश खाली बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

“कालवड तं त्याच्या मांगून येऊन राह्यली होती.”