लॉरीवाल्या मामूची शागीर्द

जोयडा तालुक्यात बाहेरचा माणूस दोनच कारणांनी येतो. एक तर वाघ बघायला, नाहीतर बदली होऊन. बदली होण्याचं माझं वय उलटून गेलंय, तेव्हा मी वाघाच्या खात्यात मोडत होतो. 2007 साली इथे दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 साली त्याला काळी नदीचं नाव मिळालं. एवढी माहिती घोकून, दुर्बीण आणि खाकी टोपी घेऊन मी पुण्याहून निघालो. 2011च्या जनगणनेत या अवाढव्य तालुक्यात बावन्न हजारांच्या आसपास माणसं भरली होती. उरलेलं सगळं झाड.

उतरलो रामनगरला, बेळगावच्या कॉलेजातल्या जुन्या मित्राकडे. त्याचं किराण्याचं दुकान आहे. दुकानासमोर फिकट निळी ओम्नी उभी होती, पुढे-मागे लाल अक्षरातला ‘एल’ चिकटवलेला. मित्राची मुलगी खाली उतरली, चारही टायरना एकेक लाथ घातली, कान देऊन आवाज ऐकला आणि मगच मला म्हणाली, “सलाम काका. बॅग आत ठेवू का?”

टायरला लाथ घालून हवा तपासायची ही मामूची शिकवण. मामू म्हणजे तिच्या आईचा भाऊ. अनमोड घाटातून गोव्याला लॉरी नेण्यात आयुष्य गेलं. त्याने भाचीला गाडी शिकवायला घेतली ती ओम्नी आहे हे मनाला लावून न घेता. त्यामुळे ती प्रत्येक वळण दहा चाकं मागे असल्यासारखं रुंद घेते, वळणाआधी लांबलचक हॉर्न वाजवते, आणि समोरून लॉरी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून ड्रायव्हरला ओळख देते. लॉरीवालेही देतात. अठरा वर्षांच्या, हिजाब घातलेल्या, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या पोरीला अनमोड लाइनचे सगळे ड्रायव्हर ओळख देतात, असा मान आमच्या पुण्यात कुलगुरूंना नाही.

मी पुण्याचा असल्यामुळे वहीत प्रश्न लिहून आणले होते. ते विचारल्याशिवाय मला जेवण जात नाही. पहिल्याच संध्याकाळी विषय काढला.

“गाडी शिकायला तुला विरोध झाला असेल ना?”

“झाला ना काका. फार विरोध झाला.”

मी पेनाचं टोपण काढलं.

“मामूचा. म्हणाला ओम्नीवर शिकू नको, हात बिघडतो. सरळ लॉरीवर शीक.”

“आणि वडिलांचा?”

“अब्बांचं पेट्रोलवरून होतं. 2023पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. कॉलेजला फुकट जाता येतं तर पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणाले. आणि त्याआधी पंचवीस हजारांवरून.”

हे पंचवीस हजार म्हणजे 2019च्या दुरुस्तीतला दंड. अठरा पूर्ण नसलेल्या पोराच्या हातात गाडी सापडली तर पालकाला पंचवीस हजार रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद. मित्राने ही बातमी कापून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि ओम्नीची किल्ली त्याच गल्ल्यात कुलूपबंद केली. मुलगी अठरा वर्षांची झाली त्या दिवशी तिने वाढदिवसाची भेट म्हणून गल्ला उघडायला लावला. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. ती दांडेलीला. तिथे केए-65 नंबरचं आरटीओ आहे. शिकाऊ कागद सहा महिने चालतो. मामूच्या मते लॉरीचा मान राखायचा तर तेवढे सहा महिनेही कमी आहेत.

वहीतला दुसरा प्रश्न वाचनाचा होता. त्यासाठी मी भेटवस्तूच आणली होती: हमीद दलवाईंची ‘इंधन’. तिने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं, आत गेली आणि तशीच दुसरी प्रत घेऊन बाहेर आली.

“ही गेल्या वर्षी अब्बांच्या दुसऱ्या मित्राने आणली. तेही पुण्याचेच. चांगली आहे, वाचली मी. पण तुम्ही सगळे हीच का आणता? बाबूराव अर्नाळकर मिळत नाहीत का पुण्यात? काळापहाड?”

पोरगी सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढे कन्नडमध्ये, मदरशात अरबी अक्षरं गिरवलेली, घरात दखनी, आणि कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. बानू मुश्ताक यांच्या कथांना 2025मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा मी त्या कथा धडपडत इंग्रजीतून वाचल्या होत्या. ते मी जरा रुबाबात सांगितलं. तिने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “इंग्रजीतून? मूळ कन्नड आहे ना काका.” मग समजूत घालावी तसं म्हणाली, “ठीक आहे. ज्याला जे येतं.”

फास्टर फेणे मात्र तिचा जुना दोस्त. त्याच्याबद्दल तिची तक्रार एकच, की त्याला परवाना लागत नाही. “सायकलवर काय, कुणीही फास्टर होईल. हाफ क्लचवर चढावर गाडी उभी करून दाखव म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी जोयड्याला कंदांचा मेळा होता. तिच्या दादीला, म्हणजे मित्राच्या आईला, मुडली हवी होती. मुडली म्हणजे इथला कुणब्यांचा नावाजलेला कंद. दादीच्या मते तो स्वतः दाबून, वास घेऊन, बाजूच्या बाईचा भाव ऐकून घ्यायचा असतो. तेव्हा स्वारी निघाली. स्टिअरिंगवर मुलगी, शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून मामू, मागे दादी आणि खाकी टोपीतला मी.

ओम्नीत बसलं की दोन गोष्टी कळतात. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे चालवणाऱ्याला थंडीतही ऊब मिळते. आणि गाडीला नाक नसल्यामुळे समोरचं जग थेट गुडघ्यांपाशी येतं. किल्ली फिरवण्याआधी दादीने मोठ्याने ‘बिस्मिल्ला’ म्हटलं आणि मग सगळ्यांनीच गाडी चालवायला घेतली.

“हल्लू, बेटी, हल्लू!” ही दादी.

“तिसरा टाक. टाक तिसरा. अरे तिसरा कुठे गेला?” हा मामू.

“रस्ता छान आहे,” मी म्हणालो. कुणीच लक्ष दिलं नाही.

जगलबेट मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर आलं. एका वळणावर तिने शिस्तीत हॉर्न दिला, रुंद वळण घेतलं, आणि वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध गवा उभा. एकटा नर. काळाभोर, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे, पाठीवर वशिंडाचा डोंगर. ओम्नीला नाक नाही हे मघाशी सांगितलंच. गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली.

ज्या माणसाचा अर्धा संसार हॉर्नवर चालला तो मामू कुजबुजला, “हॉर्न नक्को.” दादीचे ओठ हलायला लागले. मी पुण्याहून याचसाठी आलो होतो, म्हणून मोबाइल काढला. दादीने डोळे मिटलेलेच ठेवून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीखाली घातला. पोरीने काहीच केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर गव्यावर. गव्याने काचेतून आम्हा चौघांकडे पाहिलं, मान खाली घालून ‘एल’ बोर्ड नीट वाचला, आणि शिकाऊ माणसाशी काय हुज्जत घालायची अशा चेहऱ्याने सावकाश उतारावरून झाडीत उतरला.

“गव्यासमोर गाडी बंद पाडायची,” मामू बऱ्याच वेळाने म्हणाला, “हे दांडेलीच्या साहेबाला पटणार नाही. त्याच्यापुढे पाडू नको. पण बरोबर केलंस.”

“मी पाडली नाही. पडली,” ती म्हणाली. तिने दोनदा खटपट करून गाडी चालू केली.

गणेशगुडीला धरण लागतं. उंची 101 मीटर, शंभर मेगावॉट वीज. ते बांधताना दारूगोळा ठेवायला जी इमारत होती तिथे आता पर्यटक राहतात आणि पक्ष्यांचे फोटो काढतात. दादीला यातलं काही दिसत नाही. तिचं जन्मगाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव, 1980च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, बरीच माणसं रामनगरला आली, आणि जनगणनेच्या कागदावर 2011मध्येसुद्धा तालुक्याचं नाव सुपाच होतं. दादीचा रस्त्यांचा हिशेबही जनगणनेसारखाच.

“इथून सीधा उतर,” तिने पाण्याकडे बोट केलं. “मशिदीकडून दाये हात को. बाजार लागेल.”

“दादी, तिथे शंभर मीटर पाणी आहे.”

“पाणी नंतर आलं,” दादी म्हणाली. “रस्ता आधीचा आहे.”

मामूने पाण्याकडे पाहत हँडब्रेक घट्ट धरला. नातीच्या आज्ञाधारकपणावर त्याचा पूर्ण विश्वास नसावा.

जोयड्यात दादीने मुडली घेतली, कोनफळं घेतली, कणगी घेतली, आणि शेवटी एक एवढा लांब कंद घेतला की तो विकणाऱ्या कुणबी बाईनेच ओम्नीच्या मागच्या दाराने आडवा बसवून दिला. एकूण पोतं-दीड पोतं झालं. हमाली माझ्याकडे होती. खाकी टोपीचा तेवढा उपयोग झाला. मागच्या सीटवर आता एकाच माणसाची जागा उरली. मला वाटलं, माझी पाळी आली. पण दादी स्टँडवर लागलेल्या रामनगरच्या बसकडे चालायलाही लागली होती.

“बस फुकट आहे,” ती म्हणाली, “आणि त्याच्या ड्रायव्हरकडे पक्कं लायसन आहे.”

कंडक्टरने तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. ती खिडकीची जागा पकडून बसली. माझा मोबाइल तिच्याकडेच होता.

आम्ही बसच्या मागून निघालो. बस चढावर कण्हत होती, धूर सगळा ओम्नीत येत होता. मामूच्या बोटांना मुंग्या आल्या. “साइड मिळतेय. चौथा टाक आणि काढ पुढे. लॉरीवाल्याची शागीर्द आहेस तू.”

“नक्को,” ती म्हणाली.

“का? रस्ता मोकळा आहे!”

“बसमध्ये दादी आहे. तिला ओव्हरटेक केलं तर रात्रीची मुडली आपल्याला नाही मिळणार, मामू. काकांनाच मिळेल.”

मामूने क्षणभर विचार केला आणि काच वर केली. रामनगरपर्यंत आम्ही धूर खात, दुसऱ्या गिअरमध्ये, अदबीने आलो.