उघडलंयच तर...

जुन्या जीपचं इंजिन उतरवायला एक चेन-पुली, चार माणसं आणि एक वाक्य लागतं. चेन-पुली भाड्याने मिळते. माणसं चहावर मिळतात. वाक्य मिस्त्री पदरचं घालतात आणि हिशेबात सगळ्यात महाग तेच पडतं: "साहेब, उघडलंयच तर बघून घेऊया की."

जीप थोरल्या काकांची. सीजे-३बी, पेट्रोलवाली. या मॉडेलचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच, आणि त्यालाही कारण आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी या इंजिनात वाटणी आहे. त्यामुळे इंजिन उंच झालं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून विलीज कंपनीने १९५३ साली बॉनेटच उंच केलं. तेव्हा एका गोष्टीपायी दुसरी बदलायची ही रीत आमच्या मिस्त्रींनी पाडलेली नाही. ती कारखान्यातूनच आलेली आहे.

तक्रार साधी होती. गाडी निळा धूर सोडायची. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, तेल जळतंय म्हणजे रिंगा गेल्या. रिंगा बदलायच्या की झालं, असं मी घरी सांगितलं. काकू तेवढं म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी हिला एकच रोग होता, पेट्रोल पिण्याचा. बाकीचे तू लावून घे."

हेड निघालं. मिस्त्रींनी माझं बोट धरलं आणि सिलिंडरच्या आतून, वरच्या कडेशी फिरवलं. नख अडकलं.

"लागलं?"

"लागलं."

"तिथनं खाली समदं झिजलंय. रिंग वर तेवढी जात न्हाई, म्हणून कड ऱ्हायलीय." एवढ्या जिव्हाळ्याने माझं बोट डॉक्टरांनीही कधी धरलेलं नाही.

निकाल लागला: बोअर तीस थाऊ मोठा करायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वहीचं पान साधारण तीन-चार थाऊ जाड असतं. म्हणजे आठ-दहा पानांच्या जाडीपायी चार नवे पिस्टन, चार नव्या पिना आणि रिंगांचे संच आले. पिस्टन नवे आणि बेअरिंग जुने, हे मिस्त्रींच्या तत्त्वात बसेना. बेअरिंग नवे घालायचे तर क्रँक घासून घ्यावा लागणार. क्रँक उतरवायचा तर क्लच आडवा आला. क्लच प्लेट हातात घेऊन मिस्त्री नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. वाक्य उच्चारायचीही गरज उरली नव्हती. मीच म्हणालो, "उघडलंयच तर..."

ब्लॉक आणि क्रँक शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या या भागात लोखंडाचं काहीही नेऊन दाखवा, "होतंय की" असंच उत्तर येतं. कधी होतंय, हा प्रश्न बाहेरगावचे लोक विचारतात. १९४० साली अमेरिकी लष्कराने जीपचा पहिला नमुना तयार करायला ४९ दिवसांची मुदत दिली होती आणि बँटम नावाच्या छोट्या कंपनीने अख्खी गाडी त्या मुदतीत नेऊन उभी केली. हा इतिहास मी लेथवाल्यांना, त्यांच्या कानावर घालावा म्हणून मुद्दाम, रंगवून सांगितला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यांच्याकडं लाईट जात नसंल," म्हणाले.

तोवर इकडे मिस्त्री रिकामे बसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गिअरबॉक्स खाली घेतला. हा तीन गिअरचा. त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस चिकटलेली, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना आणि हवी तेव्हा पुढच्यांनाही वाटून देणारा डबा. त्याचे दोन दांडे वेगळे. पुढची चाकं जोडल्याशिवाय 'लो' पडू नये अशी आत कुलपासारखी सोय असते. आमच्या जीपमध्ये ती काकांनीच कधीतरी निकालात काढली असावी, कारण कुठलाही दांडा कधीही कुठेही पडायचा. आतल्या मधल्या गिअरच्या पोटात सुईसारखे रोलर असतात. शाफ्ट ठोकून काढला तसे ते फरशीवर पसरले. मिस्त्रींचा हाताखालचा पोरगा लोहचुंबक घेऊन गॅरेजभर रांगत होता. त्याला रोलरांबरोबर आठ नंबरचा हरवलेला पाना, एक बांगडी आणि मागच्या गिऱ्हाइकाची किल्लीही सापडली. गिऱ्हाईक कोण, यावर अर्धा तास चर्चा झाली. बांगडीचा विषय कोणी काढला नाही. नंतर नवे रोलर ग्रीसने एकेक चिकटवत मिस्त्रींनी गिअरच्या पोटात बसवले. तेवढा वेळ त्यांनी मोबाइल उचलला नाही, आणि मला वाटतं, खरा कारागीर ओळखायची याहून सोपी खूण नाही.

मग क्राऊन-पिनियन. पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३. पिनियन पाचाहून जास्त वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. माझ्या गॅरेजच्या फेऱ्या आणि कामाची प्रगती यांचंही प्रमाण साधारण हेच होतं. दात नीट बसतात का हे बघायला मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालवला आणि क्राऊनच्या काही दातांना लावला. पिनियन फिरवलं की जिथे दात टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. तो ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. कडेला सरकला तर गाडी जन्मभर रडते. ठसा कडेला आला. कागदासारखी शिम घातली, पुन्हा शेंदूर. आता दुसऱ्या कडेला. शिम काढली, पातळ घातली, पुन्हा शेंदूर. त्यात शनिवार. शेजारच्या टायरवाल्याने जाता जाता डिफरन्शियलला हात जोडले आणि "तेल आणू काय?" असं विचारलं. मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "नव्वद नंबरचं आण."

शेवटी गाडी सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही, गिअर पडतोय तिथेच राहतोय. मी पन्हाळ्याची चढण डोळ्यांपुढे आणली. मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"रिंगा बसस्तोवर पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाई. घाट न्हाई. वजन न्हाई."

त्यामुळे सध्या मी रोज सकाळी रिकामी, नवीकोरी, चारही चाकांना ताकद पोचवू शकणारी जीप सपाट रस्त्यावर चाळीसने फिरवतो. गळीत हंगाम सुरू आहे. दोन-दोन ट्रॉल्या उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून मला मागे टाकतात. काल रंकाळ्याच्या कडेला एका निवृत्त गुरुजींनी आपली लुना माझ्या बरोबरीला आणली, थोडं अंतर सोबत चालवली आणि काळजीने विचारलं, "ढकलू काय?"