तात्या विंचूला किती वर्षांची पोरं चालतात?

'झपाटलेला' मुलांना दाखवावा का, हा प्रश्न १९९३ पासून मराठी घरांत अधूनमधून निघतो आणि बहुधा सिनेमा अर्ध्यावर आल्यावरच निघतो. तोवर गुंड तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरलेला असतो, पोरं उशीआडून एका डोळ्याने बघत असतात, आणि "हे लहान मुलांचं आहे ना?" असं विचारणारी वडीलधारी व्यक्ती स्वतःही जागची हलत नसते. माझ्या मते महेश कोठारे यांचा हा सिनेमा मुलांचाच आहे, आणि एका बदलाने तो तसा झाला. कल्पना मूळची अमेरिकेतली. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये मरता मरता एक खुनी आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला सहा वर्षांच्या अँडीकडे येतो. तिकडे या सिनेमाला 'आर' प्रमाणपत्र, म्हणजे सतराच्या आतल्याने कुणी मोठं माणूस बरोबर घेऊन यायचं. गोष्ट सहा वर्षांच्या पोराची, पण त्याला ती एकट्याने बघायची सोय नाही. आपल्याकडे अँडीच्या जागी आला लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे तेव्हा चाळिशीला टेकले होते.

आता लक्ष्याची अवस्था बघा. बाहुला बोलतो, बाहुला माणसं मारतो, हे तो जीव तोडून सांगतो आणि कुणीही त्याचं ऐकत नाही. मोठी माणसं खोलीत आली की बाहुला मान टाकून निमूट बसतो, आणि ती गेली रे गेली की डोळे फिरवतो. ज्या पोराने कधी तरी "दूध मी नाही सांडलं" असं रडत सांगितलंय आणि शेजारी धाकटं भावंड देवासारखं बसलेलं पाहिलंय, त्याला ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. फक्त इथे खोटा ठरणारा माणूस मिशीवाला आहे, आणि त्याची फजिती बघताना पोराला जे समाधान मिळतं ते कुठल्याही बोधकथेत नाही. भीती असतेच, पण ती वाटून घेतलेली असते आणि तिचा मोठा वाटा लक्ष्याच्या ताटात पडतो.

यावर पहिला आक्षेप, रात्री पोरं दचकून उठतात. उठतात. ती गणिताच्या परीक्षेनेही उठतात, आणि परीक्षेला भुवयांच्या मधोमध गोळी घालायची सोय नसते. तात्याला ती आहे. मुलांच्या भीतीला नियम लागतात, आणि इथे नियम चोख आहेत: ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात शिरता येतं, आणि मरण फक्त त्या एका जागी. शिवाय हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या घरचा. ज्या घरात त्यांच्या वडिलांचे अर्धवटराव नांदले, ज्या हातांनी लिज्जत पापडाचा ससा हसवला, त्याच घराण्यातला हा वाया गेलेला मुलगा म्हणायचा.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा, आणि तो वजनदार वाटतो. मांत्रिक बाबा चमत्कार, त्याचा मृत्युंजय मंत्र, हे सगळं पोरांच्या डोक्यात कशाला? पण मंत्राने झालं काय ते तर पाहा. दिलीप प्रभावळकरांचा तो रुबाबदार गुंड अमर व्हायला गेला आणि गुडघ्याएवढा झाला. आता कुणीही त्याला काखोटीला मारू शकतं. मंत्रतंत्राची याहून वाईट जाहिरात अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकालाही जमलेली नाही. आणि शेवटी त्याला संपवतो कोण? मांत्रिक नव्हे, सरकारी पगारावरचा इन्स्पेक्टर.

मला खटकतं ते वेगळंच, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. खलनायकांची नावं. कोठाऱ्यांच्याच 'थरथराट'मध्ये टकलू हैवान, इथे कुबड्या खवीस! कोठाऱ्यांच्या पडद्यावर केस गळणं आणि पाठीला पोक येणं हे थेट गुन्हेगारीकडे नेणारे रस्ते आहेत. भुताला पोरं आठवड्यात विसरतात, पण असलं नाव एकदा तोंडात बसलं की तळमजल्यावरच्या टक्कलवाल्या काकांची सुटका नाही. तेव्हा सिनेमा दाखवताना पोरांचे डोळे झाकण्यापेक्षा नावांपुरते कान झाकावेत.

बाकी काळजी नको. गोळी कुठे मारायची हे पोरांना तोंडपाठ असतं. त्यांच्या वडिलांना मात्र दर वेळी सांगावं लागतं, तेही त्यांनी पायाशी असलेली चादर वर ओढून घेतल्यावर.