एडिनबरा पाहावे तर डिसेंबरातच

पर्यटकाला बिघडवतो तो उजेड, आणि एडिनबराने डिसेंबरअखेर त्याचा चोख बंदोबस्त केला आहे. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आसपास मावळतो. तेवढ्यात किल्ला, रॉयल माइल आणि आर्थर्स सीटची २५१ मीटर उंच टेकडी उरकायची, म्हणजे रेंगाळण्याचे व्यसन आपोआप सुटते. कुणी म्हणेल, वाऱ्यापावसाचे काय? अहो, त्याच्या धाकानेच तर माणसे राष्ट्रीय संग्रहालयात शिरून सुसंस्कृत होतात, तेही विनातिकीट. ‘हॉगमनेची, म्हणजे स्कॉटिश वर्षअखेरीच्या जल्लोषाची, गर्दी सोसत नाही’ हा आक्षेपही टिकत नाही. २०२४च्या अखेरीस हवामानाने तो रस्त्यावरचा सोहळाच रद्द करवला. हाच तर्क पुढे नेल्यास विमानतळावरूनच परतणे ही आदर्श सहल ठरते. तरीही नाताळात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: २५ आणि २६ डिसेंबरला किल्ला बंद असतो.