लिंबाची शिदोरी

ज्या मराठी भाषेत चाल ही गाण्याची, घोड्याची, बुद्धिबळातली आणि भाऊबंदांनी वाटणीच्या वेळी खेळलेली अशी चतुर्विध असते, त्या भाषेच्या लेकरांना विज्ञानाच्या तासाला एकाएकी बजावण्यात येते की चाल निराळी, वेग निराळा, आणि दोहोंची सरमिसळ करणाऱ्याचे गुण जप्त होतील. तेव्हा त्यांची त्रेधा उडावी यात नवल ते काय? वेगाला दिशा असते, चालीला नसते, एवढे मी घोकले होते. विस्थापनाचे मर्म मात्र नोकरीत उमगले. जिल्हाभर दौरा करून कचेरीतल्या त्याच खुर्चीत परतलेल्या मनुष्याचे विस्थापन शून्य भरते, ही गोष्ट आमच्या जमाखर्चाच्या कारकुनाला ठाऊक नव्हती, म्हणूनच माझी प्रवासभत्त्याची बिले ‘सबब नामंजूर’ या शेऱ्यावाचून निभावली.

एवढ्या विद्वत्तेच्या बळावर दिवाळीच्या सुट्टीत मी नववीतल्या भाच्याची परीक्षा घ्यायला बसलो. सौभाग्यवतींनी लोणच्यासाठी पुसून ठेवलेल्या लिंबांपैकी एक मी ओसरीवर उंच उडवले; ते आढ्याजवळ जाऊन निमिषमात्र थबकले आणि पुन्हा माझ्या ओंजळीत आले.

“थबकले तेव्हा त्याचा वेग किती?”

“शून्य.”

“आणि त्वरण?”

“तेही शून्य. जे थांबलंय त्याला त्वरण कुठलं, मामा?”

याच उत्तराची मी वाट पाहत होतो. “अरे, वेग शून्य आणि तो पालटणारे त्वरणही शून्य, असे दोन शून्यांचे एकमत झाले असते, तर लिंबू आढ्यापाशीच मुक्काम ठोकून बसले असते आणि लोणचे घालायला तुझ्या मामीला शिडी लावावी लागली असती! दर सेकंदाला वेगात सेकंदास ९.८ मीटरचा फेर पाडणारे गुरुत्व त्या क्षणीही रजेवर नसते.”

भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मग वर जाताना लिंबावर बल कोणत्या दिशेनं असतं?”

“वरच्या! हाताने बरोबर दिलेली बलाची शिदोरी वाटेत खात खात ते वर चढते, आणि शिदोरी सरली की माघारी फिरते.”

त्याने पुस्तकाचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. उत्तर होते: ‘खालच्या.’ हातातून सुटताच हाताचा लिंबाशी संबंध संपला. वर जाण्याला वेग लागतो, तो त्याच्यापाशी होताच, आणि हवेचा किरकोळ विरोध सोडला तर त्याच्यावर बल एकच, वजनाचे. अशा रीतीने मी स्वतःच्याच इजलासात आरोपी ठरलो.

पुढे ग्रंथ चाळले तेव्हा समजले की या पिंजऱ्यात मी एकटा नाही. १४व्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ब्युरिदाँ नावाचे पंडित हेच शिकवीत, की फेकणारा हात दगडात एक प्रेरणा भरतो आणि वजन व हवा मिळून तिचा फडशा पाडतात. फार काय, १६३८ साली गतीवरचा आपला थोर ग्रंथ प्रसिद्ध करणारा गॅलिलिओदेखील पिसातल्या तरुण वयात शिदोरीवादीच होता. १६८७ साली न्यूटनने तीन नियमांनी हा दावा कायमचा निकालात काढला खरा. परंतु त्या हुकुमाची अंमलबजावणी आमच्या उत्तरपत्रिकांपुरतीच झाली, हातापायांना त्याची नक्कल अजून मिळालेली नाही.

त्याच आठवड्यात एस.टी.तून उभ्याने जात असता चालकाने म्हशीसाठी करकचून ब्रेक दाबला आणि मी पुढल्या बाकावरच्या एका लठ्ठ गृहस्थांच्या मांडीवर विराजमान झालो.

“ढकलता काय?” ते गरजले.

“छे हो,” मी नवीन ज्ञानाच्या कैफात म्हणालो, “मला कोणीही न ढकलल्यामुळेच मी आपल्याकडे आलो. गाडी थांबली, मला थांबवणारे बाह्य बल पुरेसे नव्हते, सबब माझी गती पूर्ववत चालू राहिली.”

गृहस्थांनी माझ्याकडे, मग सहप्रवाशांकडे, आणि शेवटी मोठ्या करुणेने पुन्हा माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात मागून तिकिटे फाडीत आलेला कंडक्टर माझे दंड धरून मला उभे करीत म्हणाला, “मग दांडा धरा की, काका!”

बाह्य बल पुरवण्याची याहून नेटकी सूचना मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाही. मी मुकाट्याने दांडा धरला.