पक्षी राहू दे, कुत्री बघ!

चांगल्या हंगामातला ग्राऊजचा शिकारी बघण्यासारखा नसतो. पक्षी मारतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. त्याची खरी कळा बघायची तर उत्तर मिनेसोटात जावं, आणि तेही पडत्या वर्षी.

रफ्ड ग्राऊज हा कोंबडीपेक्षा लहान, पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी. कोवळ्या ॲस्पेनच्या गच्च झाडीत राहतो. त्याची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात चढते आणि उतरते. वसंतात नर आडव्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी ढोल घुमवतो. ठरलेल्या रस्त्यांवर थांबत थांबत हे ढोल मोजायचं काम तिथे १९४९ पासून चालू आहे. आकडा घसरला की आमच्या ऑफिसातल्या अशाच एका शिकाऱ्याच्या चेहऱ्यावर तेज येतं. हंगाम उघडायच्या आधीच कारण हाती आलेलं असतं!

कारणांच्या बाबतीत हा माणूस फार शिस्तीचा. सप्टेंबरच्या मध्याला हंगाम सुरू होतो, तेव्हा पानं गळलेली नसतात, म्हणून पक्षी दिसत नाही. ऑक्टोबरात पानं गळतात, पण पायाखाली इतकी वाजतात की पक्षी लांबूनच पसार. नोव्हेंबरात रानभर हरणवाले. डिसेंबरात पक्षी भुसभुशीत बर्फात बुडी मारून झोपलेला. जूनच्या गार पावसात पिल्लं गेली, हे कारण मात्र राखीव. ते निघालं की समजावं, आज एकही पक्षी उठलेला नाही.

मोजायची मापंही तो वर्ष बघून बदलतो. कायद्याने दिवसाला ५ पक्षी मारता येतात. बरं वर्ष असलं की मारलेले सांगतो. जरा खाली आलं की तासाला किती उठले ते. आणखी खाली आलं की त्याच्या कुत्रीने किती पॉइंट धरले, म्हणजे पक्ष्याचा वास लागून ती किती वेळा ताठ उभी राहिली. आणि अगदी तळ लागला की एकच पॉइंट, पण तो ‘कसा’ धरला! हे वर्णन अर्धा तास चालतं. त्यात शेपटीलाच दहा मिनिटं जातात.

कुत्री इंग्लिश सेटर. गळ्यात जीपीएसचा पट्टा. पक्ष्याचा वास लागून ती जागीच गोठली की याच्या हातातलं यंत्र थरथरतं आणि हा नारिंगी जाकिटात, काटेरी झुडपांतून, बंदूक सांभाळत धावत सुटतो. पोचेपर्यंत ग्राऊज बहुधा पायी निघून गेलेला असतो. नसलाच गेला, तर कानठळ्या बसवत उडतो आणि छर्रे ॲस्पेनच्या खोडाला लागतात. मग कुत्री मान वळवून मालकाकडे बघते. या नजरेचं वर्णन त्याने आजवर केलेलं नाही.

साळिंदराच्या संख्येत असले चढउतार नसावेत. ते हमखास भेटतं. मग कुत्रीच्या नाकातले काटे काढायला रात्री डॉक्टर. त्या बिलात वर्षभराची कोंबडी आली असती, हे बायकोचं गणित. त्यावर याचं म्हणणं, साळिंदरावरसुद्धा आधी तिने पॉइंटच धरला होता!

सोमवारी ऑफिसात फोन पुढे येतो. फोटोत कुत्रीची पाठ आणि ताठ शेपटी.

“पक्षी कुठे आहे?”

“तिच्या नाकासमोर.”

“मला तर नुसतं गवत दिसतंय.”

“हाच तर ग्राऊज!”

घरी असलं कौतुक चालत नाही. “आज कुत्री बघायला हवी होतीस,” असं तो दारातूनच म्हणतो. बायको शांतपणे सांगते, “बघतेय. चिखलाच्या पायांनी सोफ्यावर बसली आहे.”

यंदा त्याच्या मनात नवीनच काळजी शिरली आहे. एका कुत्र्याने पॉइंट धरला की दुसऱ्याने त्याच्याकडे बघून, वास नसतानाही, तिथल्या तिथे थांबायचं असतं. याला बॅकिंग म्हणतात. आता एकट्या कुत्रीला हे शिकवायचं कसं? तेव्हा सेटरचं एक पिल्लू सांगून ठेवलंय.

“अरे, एका कुत्रीला पुरतील एवढे पक्षी नाहीत रानात,” बायको म्हणाली.

“म्हणून तर! बॅकिंगला पक्षी लागतच नाही.”